आत्यांनी माळ का काढली, ते आत्यांनाच विचारा

पत्र

मी ३९ वर्षांची. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, ७१ वर्षांच्या. त्यांनी विड्या वळून तीन लेकरं वाढवली, वर्षानुवर्षं आषाढीची वारी केली, एकादशी कधी मोडली नाही. श्रावणात स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, यकृतात पसरलेला. केमो सोसली नाही. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, सेवा करा. आत्यांना आम्ही ‘पोटात अल्सर आहे’ एवढंच सांगितलंय.

महिन्यापूर्वी त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढून डबीत ठेवली. भजनी मंडळ आलं तर भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन पडून राहिल्या. मग म्हणाल्या, “त्याचं नाव काढू नका माझ्यापुढं.” आमचे हे म्हणतात, गाडी करून पंढरपूरला नेऊन आणू. नणंद पुण्याहून फोनवर सांगतात, खोलीत दिवसभर जप लावून ठेव. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात, पण सवय लागेल, ग्लानी येईल म्हणून हे अर्धीच देतात, तीही फार कळवळल्या तर. हे स्वतः खोलीत फारसे येत नाहीत. एका वैद्याकडून चाळीस हजारांचा काढा आणलाय.

परवा आत्यांनी विचारलं, “मी आषाढीला असेन का गं?” मी उठून स्वयंपाकघरात गेले. रात्री झोपेत थोरल्या लेकीचं नाव घेतात. त्यांनी जातीबाहेर लग्न केलं, विजापूरला असतात, बारा वर्षं येणंजाणं नाही. माझा नऊ वर्षांचा मुलगा मोहोळला मामाकडे ठेवलाय. तीन महिने मी सलग झोपलेली नाही. कधी कधी म्हणते, देवा, सोडव यांना. हे पाप आहे का? आणि आत्यांचं मन पुन्हा देवाकडे कसं वळवू?

— एक सून

उत्तर

तुम्ही सासूबाईंना आत्या म्हणता, मीही तेच म्हणते.

तुमचा शेवटचा प्रश्न देवाचा आहे. पण पत्र वाचताना मी अडकले ती अर्ध्या गोळीपाशी. आधी तिथलं बोलू, कारण बाकीचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. स्वादुपिंडाचं दुखणं पोटातून पाठीत जातं. उताणं झोपलं की वाढतं, कुशीवर वळून पाय पोटाशी घेतले की थोडं उतरतं. आता तुमचंच वाक्य परत वाचा: भिंतीकडे तोंड, पाय पोटाशी. मंडळाला वाटलं बाई देवाकडे पाठ फिरवून झोपली. कदाचित ती फक्त कमी दुखेल अशी झोपली होती. समोर दहा माणसं टाळ घेऊन बसलेली, आणि पोटात कळ. अशा वेळी विठ्ठल काय, पोटचं लेकरूही नकोसं होतं.

मॉर्फिन कळ आल्यावर द्यायचं औषध नव्हे. ते घड्याळावर द्यायचं असतं. साध्या गोळीचा असर साधारण चार तास राहतो, म्हणून डॉक्टर बहुधा दर चार तासांनी लिहितात. कळ वर येऊच द्यायची नाही, हा त्यातला हेतू. कळवळल्यावर अर्धी गोळी दिली की दुखणं पुढे आणि औषध मागे, अशी शर्यत दिवसभर चालते. सुरुवातीचे दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळ होते, ती बहुतेकांची ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत रोज लागतंच. लिहून दिलं नसेल तर मागून घ्या. आणि सवयीचं म्हणाल, तर कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणारी म्हातारी सहसा व्यसनी होत नाही. ही भीती आपल्याकडे इतकी मुरली त्यात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचाही हात आहे. त्या कायद्यामुळे कित्येक वर्षं मॉर्फिन दुकानात मिळणंच अवघड झालं होतं. २०१४ मध्ये कायदा बदलून वाट थोडी मोकळी केली. डोस आपल्या मनाने वाढवू नका, तोडू नका, एकदम थांबवू नका. मधेच कळ आली तर जादा किती द्यायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा.

हे कुणाकडे जाऊन विचारायचं? उपचार जिथे झाले तिथे, नाहीतर सिव्हिलमध्ये किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात ‘पॅलिएटिव्ह केअर कोण बघतं’ असं थेट विचारा. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणारे उपचार. आत्यांना न्यायची गरज नाही, फाइल घेऊन घरातलं एक माणूस गेलं तरी बोलणं सुरू होतं. “घरी न्या, सेवा करा” एवढ्यावर कुणी बोळवण केली असली, तरी वैद्यकाचं काम तिथे संपत नाही. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा करणारी जागा, १९८६ मध्ये उघडलं. आपल्याकडे अजून असल्या जागा थोड्या आहेत, म्हणून बहुतेकांचं हॉस्पिस म्हणजे घरातली मागची खोली आणि त्यात एक सून. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, आहे ते असं आहे.

आता देवाचं.

सिसिली साँडर्स नावाच्या बाईंनी १९६७ मध्ये लंडनला पहिलं आधुनिक हॉस्पिस काढलं. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर. त्यांचं सांगणं असं होतं की जाणाऱ्या माणसाची वेदना एकाच जागी नसते. शरीर दुखतं, मन दुखतं, घरच्यांची काळजी दुखते, आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न दुखतो. या चारही एकमेकींत गुंतलेल्या असतात. आत्यांच्या चारही गोष्टी तुमच्या पत्रात आहेत, आणि तुम्ही सगळे मिळून चौथीवरच औषध शोधताय.

माळेचं मला सांगा. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ म्हणजे साधी गोष्ट नाही. तुटली तर नवी घालेपर्यंत अन्न न घेणारे लोक आहेत. ती काढली म्हणजे काहीतरी मोठं घडलं, असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे. पण कुणी विचारलं का हो त्यांना, का काढली म्हणून? तीन महिन्यांत अंगावरचं मांस उतरलंय, गळ्याची हाडं वर आलीत, कुशीवर झोपलं की मणी रुततात. नाहीतर आजारात आंघोळ नाही, सोवळं नाही, विटाळात माळ नको असं त्यांच्या मनात असेल. नाहीतर खरंच रागाने काढली असेल. ही तीन कारणं म्हणजे तीन वेगळ्या बायका आहेत. आपल्या घरात कोणती आहे हे कळल्याशिवाय तिला आधार काय देणार? दुपारी घर शांत असताना शेजारी बसा आणि साध्या आवाजात विचारा, “आत्या, माळ टोचते का?” उत्तर आलं तर ऐका, नाही आलं तर पाय चेपा. परत कधीतरी विचारा.

आणि राग असेल तर? असू द्या. आपली परंपरा रागाला भीत नाही. जनाबाईने विठ्ठलाला शिव्या घातल्यात, आणि तरी तिला संतपदावरून कुणी खाली ओढलं नाही. नामदेवांनीही त्याला जाब विचारलाय. ज्या बाईने उन्हापावसात पालखीमागे चालून पाय झिजवले, तिला “माझं काय चुकलं” हे विचारायचा हक्क आहे. तो प्रश्न तिने तुमच्यासमोर विचारला, तर उत्तर देऊ नका. मागच्या जन्माचं असेल, देव परीक्षा बघतो, जे होतं ते भल्यासाठी, हे काही म्हणू नका, आणि भेटायला येणाऱ्या बायकांनाही दारातच सांगा की हे बोलायचं नाही. विड्या वळल्या म्हणून झालं असेल, असंही एखादी म्हणेल. तिला चहा पाजा आणि लवकर वाटेला लावा. आत्यांना एवढंच म्हणा, “तुमचं काही चुकलं नाही. मलाही फार राग येतो.” तुम्हाला येत असेल तरच म्हणा. आजारी माणसाला खोटं फार लवकर कळतं.

त्यांचं मन देवाकडे वळवायची जबाबदारी मी तुमच्या डोक्यावरून काढून घेते. ती तुमची नाहीच. त्या वळतील किंवा न वळतील, त्यांचं आणि त्याचं काय ते जुनं नातं आहे, त्यात मध्यस्थ नको. खोलीतला चोवीस तासांचा जप मात्र आजच बंद करा. नणंदेला सांगा, मी सांगितलं. कान मिटता येत नाहीत, म्हणून उशाशी काय वाजावं हे झोपलेल्या माणसाने ठरवायचं. कदाचित त्यांना रेडिओवरच्या बातम्या हव्या असतील, कदाचित नुसती शांतता. पंढरपूरचंही तसंच. इथून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, म्हणजे गाडी करून नेणं अशक्य नाही. दर्शनरांगेत उभं राहायची गरज नसते, कळसाचं दर्शनही वारकऱ्याला पुरतं. गोळीची वेळ सांभाळून, मागच्या सीटवर गाद्या घालून लोक नेतात. पण आत्या म्हणाल्या तर. तुमच्या ह्यांना आईसाठी काहीतरी करायचंय आणि हातात काहीच नाही, म्हणून पंढरपूर आठवतंय, असं मला वाटतं. काढ्याचे चाळीस हजारही त्याच घालमेलीतून गेले असणार. त्यावरून आता घरात भांडू नका, पण तो काढा बाटलीसकट डॉक्टरांना दाखवा. यकृत आधीच दमलेलं आहे. आणि पुढचा पैसा त्याला नाही, हे ठरवून टाका.

बुवा-महाराजांबद्दल एक सांगते. परदेशातल्या हॉस्पिसमध्ये रुग्णाशी मनातलं बोलायला शिकलेली माणसं नेमलेली असतात. आपल्याकडे ते काम कीर्तनकार करतात, लिंगायत घरांत जंगम स्वामी, कुठे मौलाना, कुठे फादर. त्यांच्यात बोलणारे खूप आणि ऐकणारे थोडे. आत्यांना कुणी हवं असेल, तर ज्याला गप्प बसता येतं असा एकच बोलवा. बहुतेकदा तो माणूस प्रसिद्ध नसतो. बरोबर वारी केलेली, वाटेत एका ताटात जेवलेली एखादी मैत्रीण जास्त उपयोगाची. तिला सांगा, टाळ आणू नको, नुसती ये.

आता “मी आषाढीला असेन का” याचं. तुम्ही उठून गेलात, कुणीही गेलं असतं. पण तो प्रश्न परत येईल, म्हणून तयार राहा. त्या अल्सरवर आत्यांचा विश्वास असेल असं मला वाटत नाही. केमो दिलेल्या बाईला वॉर्डातल्या शेजारणींकडून सगळं कळलेलं असतं. बहुतेक त्याही तुम्हाला जपतायत. दोन्हीकडून नाटक चाललंय आणि दोघीही दमल्यात. सगळं एकदम सांगायचं नसतं. त्यांना जेवढं हवं तेवढंच, त्यांच्याच वेगाने. असं विचारता येईल: “तुम्हाला काय वाटतं आत्या?” मग थांबा. त्या म्हणाल्या, “मला वाटतं नसेन,” तर “असं नका बोलू” म्हणून त्यांचं तोंड बंद करू नका. म्हणा, “मलाही भीती वाटते. आजार मोठा आहे, डॉक्टरांच्या हातात फार राहिलेलं नाही. पण दुखू देणार नाही, आणि एकटं ठेवणार नाही.” त्या विषय बदलून “दूध तापवलंस का” म्हणाल्या, तर दूध तापवा. दार त्यांनी लावलं, उघडतीलही त्याच. हे बोलणं तुम्ही एकट्याने अंगावर घेऊ नका. आधी नवऱ्याशी बोला. त्यांची तयारी नसेल तर डॉक्टरांना मधे घ्या, पण आत्या विचारत असताना घराने खोटं चालू ठेवायचं, हे मला पटत नाही.

पत्रात तुम्ही थोरल्या नणंदेचं एका ओळीत उरकलंत. माझ्या मते सगळ्या पत्रातली वजनदार ओळ तीच आहे. झोपेत जिचं नाव येतं ती हवी आहे. कुणाच्या तोंडून वदवून घेण्याची गरज नाही, पण आत्यांना न विचारता तिला आणून उभीही करू नका. आधी विचारा, “थोरल्या ताईंना फोन लावू का?” मान हलली तरी पुरे. मग विजापूरला तुम्हीच फोन करा, नवरा करेल म्हणून वाट बघू नका. फोनवर माफीचं, चुकीचं, बारा वर्षांचं काही काढू नका. “आत्यांचं फार दिवसांचं नाही, त्या तुमचं नाव घेतात, या.” एवढंच. त्या आल्या की दोघींना खोलीत सोडा आणि दार लोटून घ्या. आत काय बोलल्या हे विचारायचं नाही. काही न बोलता नुसत्या बसून राहिल्या, तरी ते झालंच समजा. त्या आल्या नाहीत तर आत्यांना खरं सांगा की फोन केला होता. बरोबर त्यांचे यजमान आले तर त्यांनाही घरात घ्या. जातीचा हिशेब करायला नातेवाइकांना पुढे वेळच वेळ आहे.

तुमच्या ह्यांना खोलीत आणायचं असेल, तर “आईजवळ बसा” असं सांगू नका. आपल्याकडच्या पुरुषांना बसणं शिकवलेलंच नाही, त्यांना काम द्या. गोळ्यांचा तक्ता त्यांच्याकडे: वेळ लिहायची, दिली की खूण करायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. तळपायांना खोबरेल चोळायचं. हात कामात असले की तोंड उघडतं. अर्धी गोळी देणारा माणूस एकदा स्वतः तक्ता लिहायला लागला, की त्यालाच फरक दिसेल.

मुलाला मोहोळहून आणा. नऊ वर्षांच्या पोराला सगळं समजतं, आणि लांब ठेवलं तर तो मनात याहून वाईट काहीतरी रचतो. त्याला सांगा, आजीला मोठा आजार झालाय, तो बरा होणार नाही, तो कुणाच्या चुकीने झाला नाही आणि शिवल्याने होत नाही. “आजी झोपणार आहे”, “आजी गावाला जाणार आहे” असलं नको, पोरं मग झोपायला घाबरतात. खोलीत यायचं की नाही ते त्याने ठरवावं. आला तर गड्ड्याच्या यात्रेत काय काय बघितलं ते आजीला सांगू दे.

खाण्यावरून घरात कुरकुर असेलच. आता भूक जाते. शरीरच नको म्हणतं. न खाल्ल्याने त्या जात नाहीयेत, जायला निघाल्यात म्हणून खाणं सुटतंय. जबरदस्तीचा घास श्वासनळीत जातो. मागितलं तर काहीही द्या, दह्यात कालवलेली शेंगाचटणी जिभेला लावायची असेल तर तीही. तिखट सोसेल का, असली चौकशी आता पुरे.

शेवटच्या दिवसांत काय दिसतं ते माहीत असलेलं बरं, म्हणजे घाबरून धावाधाव होत नाही. झोप वाढते. हातपाय गार पडतात, त्यांवर निळसर-जांभळे चट्टे येतात. श्वास मधेच थांबतो, मग पुन्हा सुरू होतो. घशात घरघर होते. ती ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पण तोवर माणसाची शुद्ध हरपत आलेली असते आणि त्याला तिचा त्रास बहुधा होत नसतो. एका कुशीवर वळवलं की कमी होते. ओठ कोरडे पडतात, ते ओल्या कापसाने टिपत राहा. गंगाजल, तुळशीपत्र द्यायचं ते द्या, पण कापसाच्या बोळ्याने थेंबभर, पळीने ओतू नका. तुळशीपत्र ओठावर टेकवलं तरी चालतं. त्या देवाचं नाव नको म्हणाल्या होत्या हे तेव्हाही लक्षात असू द्या, आणि अजून शुद्धीत आहेत तोवर एकदा विचारून ठेवा. उत्तर काहीही येवो, तेच करायचं. आणि बोलत राहा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात, शुद्ध हरपलेल्या हॉस्पिस रुग्णांपैकी काहींचा मेंदू आवाजाला प्रतिसाद देताना दिसला होता. म्हणून उशाशी बसून अंत्यविधीच्या तयारीची चर्चा नको.

घरी मृत्यू झाल्यावर दाखला कोण देणार, हे जवळच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. रात्री दोन वाजता दाखल्यासाठी दारोदार फिरायची वेळ येते, आणि मग नको तो दवाखाना, नको ती सायरन.

आता तुमचं. “देवा, सोडव यांना” हे पाप नाही. पापाचा हिशेब ठेवणारी मी कोण, पण इतकं सांगते, की हे तुम्ही आत्यांवर कंटाळून म्हणत नाही, त्यांचं दुखणं बघवत नाही म्हणून म्हणता. आणि थोडं कंटाळूनही म्हणत असाल तर तेही माणसाचंच आहे. तीन महिने सलग न झोपलेल्या बाईच्या मनात काय येतं, यावरून तिचं मन ओळखू नये. फार घुसमट झाली, जिवाचं बरंवाईट करावं असं वाटलं, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मनोआरोग्य सेवेचा क्रमांक आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

पुण्याच्या नणंदेला फोनवरचे सल्ले पुरे म्हणून सांगा, आणि शनिवार-रविवार सोलापूरला बोलवा. आल्या की गोळ्यांचा तक्ता त्यांच्या हातात द्या, कूस कशी बदलायची ते एकदा दाखवा, आणि तुम्ही शेजारच्या घरी नाहीतर माहेरी जाऊन झोपा. फोन बंद करून. रात्रीतून काही झालंच, तर त्याही आत्यांच्या लेकच आहेत, बघतील.